घरचे पुस्तक : प्रकल्प नोंदी, चिपळूण

८ ऑक्टोबर २०२३

आज पाग भागातील एका घराच्या पडवीत आम्ही सात जण जमलो आणि गेले चार महिने नुसत्या बोलण्यात असलेल्या कामाला आरंभ झाला. काम साधे आहे. चिपळूण आणि आसपासच्या गावांतील वाचकांनी लहानपणी वाचलेले, किंवा घरात मोठ्याने वाचले गेलेले, एक पुस्तक घेऊन यावे आणि त्याविषयी बोलावे. आम्ही पुस्तकाची व बोलण्याची नोंद करावी आणि पुस्तक त्याच दिवशी मालकाबरोबर परत जावे. संग्रह करायचा नाही आणि देणगी घ्यायची नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले, तेव्हा खालच्या मजल्यांवरील कपाटेच्या कपाटे चिखलात गेली. त्यानंतर जे पुस्तक घरात उरले आहे, ते दुसऱ्याच्या हवाली करायला या गावात कोणी सहज तयार होणार नाही, आणि त्यांनी तसे का करावे, असे मलाही वाटते.

नोंदवही माझ्याकडे आली. टपाल खात्यात पस्तीस वर्षे काढल्यामुळे रकाने आखण्याची हौस अजून फिटलेली नाही. वाचनालयाच्या दाखल नोंदवहीवरून लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे आणि स्थिती असे रकाने आखले आणि शेवटी 'वाचकाचे म्हणणे' यासाठी दोन बोटे जागा ठेवली. ही जागा फारच अपुरी ठेवली हे पुढच्या रविवारी कळेल, असे आमच्यातील सर्वांत धाकट्या सभासदाने लगेच सांगून टाकले.

१५ ऑक्टोबर २०२३

वाचन प्रेरणा दिन म्हणून हा दिवस निवडला होता, परंतु आजच घटस्थापना आल्याने घरोघरी गडबड होती आणि अकराच जण आले. तरीही दोन बोटांची जागा तिसऱ्याच वाचकाला संपली.

दोन सख्खे भाऊ, दोघेही साठीच्या पुढचे, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे एक पुस्तक घेऊन आले. ते दोन तुकड्यांत होते. सुट्टीत एकच प्रत मिळाली, आधी कोणी वाचायची यावरून जुंपली, आणि वडिलांनी न्याय करायचा म्हणून पुस्तक मधोमध फाडून दोघांच्या हातात अर्धे अर्धे दिले. धाकट्याच्या वाट्याला उत्तरार्ध आला. त्याने फुरसुंगीचा बन्या संकटातून सुटतो कसा हे आधी वाचले आणि तो संकटात सापडला कसा हे दोन दिवसांनी. आजही कोणतीही रहस्यकथा आपण मागून पुढे वाचतो, असे त्यांनी गंभीरपणे सांगितले. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या ब्राउन पेपरच्या वेष्टनांत राहिले आहेत. आमच्यातील एकाने आता ते एकत्र बांधून द्यावेत का, असे विचारले, तेव्हा दोघांनीही एकाच वेळी नाही म्हटले. बहुधा लहानपणानंतर त्यांचे एवढे एकमत प्रथमच झाले असावे.

त्यानंतर एक वाद झाला, तो नोंदवणे आवश्यक आहे. एका बाईंनी कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आणले. हे बालपणीचे पुस्तक कसे, असा प्रश्न आमच्यापैकी दोघांनी उपस्थित केला. बाईंचे उत्तर असे की, अक्षरओळख झाल्यावर त्यांनी सलग वाचलेले पहिले पुस्तक हेच होते, कारण आई कणीक मळत असे आणि तिचे हात भरलेले असल्यामुळे वाटी-चमच्याची प्रमाणे मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम सात वर्षांच्या मुलीकडे असे. १९७० साली निघालेल्या या पुस्तकाने तोळा-मासा बाजूला ठेवून वाटी आणि चमचा ही मापे वापरली, हे त्याच्या घरोघरी पोहोचण्याचे एक कारण असल्याचे आपण सारे जाणतो. मूल ती प्रमाणे वाचू शकते ही बाब मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. अनारशांच्या पानावर तुपाचा डाग इतका मुरला आहे की मागच्या पानावरील मजकूर त्यातून दिसतो. पुस्तक नोंदवले.

या वादातून एक फायदा झाला. 'कोणी कोणाला वाचून दाखविले' असा नवा रकाना आखला.

२२ ऑक्टोबर २०२३

आज एक वाचक रिकाम्या हातांनी आल्या. बाजारपेठेतील त्यांच्या घरी 'चांदोबा'च्या अकरा वर्षांच्या अंकांचे बांधीव खंड होते. वडील दर दिवाळीला वर्षभराचे अंक बांधायला देत आणि खंडाच्या पाठीवर स्वतःच्या अक्षरात साल घालीत. २००५ च्या पुरात खालच्या फळीवरील तीन खंड गेले. म्हणून उरलेले आठ वरच्या फळीवर ठेवले आणि २०२१ मध्ये पाणी वरच्या फळीवरूनही गेले. खंडांचा कागद वर्तमानपत्री जातीचा होता, त्यामुळे तो फुगून त्याचा लगदा झाला, आणि कपाटाचे दार उघडेना म्हणून ते कुऱ्हाडीने फोडावे लागले.

मग त्या बोलू लागल्या आणि पाऊण तास बोलत राहिल्या. झाडावर लोंबणारे प्रेत, ते खांद्यावर टाकून स्मशानातून चालणारा विक्रम, आणि प्रश्नाचे उत्तर दिल्याबरोबर उडून परत झाडावर जाणारा वेताळ हे चित्र त्यांनी हवेत हाताने काढून दाखविले. चित्रकार शंकर यांची ती चित्रे त्या काळच्या कोणत्याही मुलाला विसरता आलेली नाहीत. त्यांच्या घरची रीत अशी होती की, वेताळाने प्रश्न विचारला की वडील अंक मिटत. उत्तर प्रत्येक मुलाने आपापले द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी रात्री खरे उत्तर वाचायचे. त्यामुळे अंक आला की आधी उत्तर चोरून पाहण्याची एक वेगळीच कला त्या घरात विकसित झाली होती.

जे पुस्तक अस्तित्वात नाही, त्याची नोंद करायची की नाही, यावर आमच्यात दोन मते पडली. 'स्थिती' या रकान्यात काय लिहायचे, हा माझा प्रश्न होता. शेवटी अशा नोंदींच्या क्रमांकापुढे 'पु' हे अक्षर घालायचे ठरले. 'पु' म्हणजे पूर. पु-१ ही नोंद आज झाली, आणि ती वहीतील सर्वांत लांब नोंद आहे.

५ नोव्हेंबर २०२३

आजचा दिवस भरगच्च गेला, म्हणून थोडक्यात लिहितो. एका गृहस्थांनी श्रीधरांच्या 'पांडवप्रतापा'ची पोथी आणली. चातुर्मासात त्यांची आजी रोज एक अध्याय वाचून घेई आणि नातवंडांना प्रसादाच्या खडीसाखरेसाठी शेवटपर्यंत बसावे लागे. यंदा अधिक श्रावणामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा असल्याचे त्यांनी जाता जाता सांगितले आणि लहानपणी अधिक महिना आला की आपल्याला किती राग येई, हेही सांगितले. त्यांच्यानंतर बोललेल्या शिक्षिकेने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' आणले होते. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, त्यांच्या वाडीतील विहारात ते वाचले जाते. वाचणाऱ्याचा आवाज बसला की पुढचा परिच्छेद शाळेत जाणाऱ्या मुलाने वाचायचा, अशी प्रथा आहे. त्यांनी वयाच्या नवव्या वर्षी पहिला परिच्छेद वाचला. त्यातील निम्मे शब्द कळले नाहीत, पण सगळी वाडी आपले ऐकते आहे हे कळले, असे त्या म्हणाल्या. यंदाचा वर्षावास २८ ऑक्टोबरला संपला आणि या वर्षी तोच परिच्छेद त्यांच्या मुलाने वाचला. एका पाठोपाठ एक बोललेले हे दोघे नंतर चहा घेताना बराच वेळ आपापल्या वाचनाच्या चाली एकमेकांना म्हणून दाखवीत उभे होते.

गोवळकोटच्या एका निवृत्त खलाशाने पूर्वी दिल्लीहून निघणाऱ्या 'खिलौना' या उर्दू मासिकाचे काही अंक आणि त्याच गठ्ठ्यात बांधलेले 'किशोर'चे अंक आणले. घरी उर्दू, शाळेत मराठी, आणि बांधणाऱ्याला त्यातले काहीच वाचता येत नसल्यामुळे दोन्ही मासिके एका पुठ्ठ्यात बांधली गेली. 'खिलौना' उजवीकडून उघडते आणि 'किशोर' डावीकडून, त्यामुळे हा खंड दोन्ही बाजूंनी सुरू होतो आणि मध्यावर कुठेतरी दोन्ही भाषा पाठीला पाठ लावून बसतात. 'किशोर'ची पहिली चार पाने गेलेली आहेत. १९७१ पासूनचे 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवलेले असल्याने ती पाने छापून देणे शक्य आहे, हे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी आनंदाने होकार दिला. तेव्हा दुरुस्ती कोणाला हवी आणि कोणाला नको, याचा कोणताही नियम करता येणार नाही, हे आज स्पष्ट झाले.

याखेरीज मॉस्कोत छापलेल्या आणि अनिल हवालदारांनी मराठीत आणलेल्या 'देनिसच्या गोष्टी' तिघांनी आणल्या. तिन्ही प्रतींचा कागद आजही हाताला जाड लागतो. रव्याची खीर खिडकीबाहेर ओतणाऱ्या देनिसचा प्रसंग तिघांनीही स्वतंत्रपणे सांगितला, आणि तिघांच्याही घरी त्यानंतर तोच प्रयोग झाला होता.

दिवाळीमुळे पुढील दोन बैठका होणार नाहीत.

२६ नोव्हेंबर २०२३

नोंद क्रमांक ३४. साने गुरुजींचे 'श्यामची आई'. वाचक एकाहत्तर वर्षांच्या आजी, माहेर दापोली तालुक्यातील.

या पुस्तकाची प्रत येणार हे आम्ही गृहीतच धरले होते आणि आतापर्यंत पाच प्रती आल्याही होत्या. गुरुजींचे जन्मगाव पालगड इथून फार लांब नाही, आणि नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या अवघ्या पाच दिवसांत हे पुस्तक लिहून झाले, ही हकिकत इथल्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते. या प्रतीचे वेगळेपण मात्र मला पाने मोजताना जाणवले. पुढचे प्रकाशनाचे पान नाही, म्हणून आवृत्ती कळत नाही. आतल्या पुठ्ठ्यावर बक्षीस म्हणून दिल्याची चिठ्ठी चिकटवलेली असून तीवर १९५६ हे साल आहे, आणि बक्षीस आजींच्या मामांना मिळालेले होते. पुस्तकात एकूण बेचाळीस रात्री आहेत. ही प्रत सदतिसाव्या रात्रीच्या मध्यावर, एका वाक्याच्या अर्ध्यात, संपते.

आजींनी सांगितले ते असे. त्या सहा वर्षांच्या असताना त्यांची आई गेली आणि त्या आजोळी राहायला आल्या. आजी, म्हणजे आईची आई, रोज रात्री कंदिलाजवळ बसून एक रात्र वाचून दाखवी. पुस्तक जिथे संपते तिथपर्यंत पोहोचले की, ती ते मिटून कपाळाला लावी आणि 'उद्या पुन्हा सावित्रीव्रत' असे म्हणे, म्हणजे पुन्हा पहिली रात्र. असे किती वेळा झाले ते त्यांना आठवत नाही. पुस्तकात श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो आहे, याचा अर्थ मोठ्या वाचकाला आरंभीच उमगतो. सहा वर्षांच्या मुलीला तो उमगला नाही. श्यामच्या घरी तेल असले तर मीठ नसते, पण आई असते, एवढेच तिला माहीत होते. पुढे हायस्कूलच्या ग्रंथालयात दुसरी प्रत हाती आली, तेव्हा अडतिसाव्या रात्रीपासूनचा भाग त्यांनी उभ्या उभ्या वाचला. आजीची प्रत फाटकी होती, शेवटची पाने गळून गेली होती, असेच त्यांनी आजवर मानले.

पुठ्ठा सुटत आला आहे, म्हणून तो डागडुजीसाठी आमच्याकडे ठेवण्याची परवानगी त्यांनी दिली. त्याच दिवशी पुस्तक परत करण्याचा नियम आम्ही प्रथमच मोडला.

३ डिसेंबर २०२३

आमच्या सातांपैकी एकाचे आयुष्य पुस्तकबांधणीत गेले आहे. आज त्यांनी नोंद ३४ ची प्रत तपासली. सुट्या टाचणीच्या पुस्तकाची पाने एकेक करून गळतात, परंतु दोऱ्याने शिवलेल्या पुस्तकात सोळा पृष्ठांचा फर्मा घडीवर शिवलेला असतो. तो जायचा तर आधी घडीवर झिजतो, मधली पाने आधी सुटतात आणि पाठीला खळीत चिकटलेल्या कागदाच्या धांदोट्या उरतात. इथे तसे काही नाही. शेवटचे फर्मे संपूर्ण गेलेले आहेत आणि पाठीवर खळ स्वच्छ खरवडलेली आहे. दोरा तुटलेला असता तर त्याची टोके पिंजली असती. इथे ती सरळ कापलेली आहेत. त्यापुढची गोष्ट त्यांनी भिंगातून मला दाखविली. कापल्यावर उरलेले पुस्तक उसवू नये म्हणून दोऱ्याची दोन्ही टोके कोणीतरी आत वळवून घट्ट गाठवली आहेत. 'ही गाठ बांधणाऱ्याची नव्हे, गोधडी शिवणाऱ्या बाईची आहे,' असे ते म्हणाले.

हे मालकिणीला सांगावे की नाही, यावर तासभर चर्चा झाली. न सांगण्याच्या बाजूचे म्हणणे असे की, एकाहत्तराव्या वर्षी कोणाच्या आठवणीत हात घालण्याचा आपल्याला अधिकार नाही. मी सांगण्याच्या बाजूचा होतो, आणि माझे कारण भावनेचे नव्हते. 'स्थिती' हा रकाना मालकाला वाचून दाखवल्याशिवाय नोंद पक्की होत नाही, असा आमचाच नियम आहे, आणि त्या रकान्यात 'शेवटची पाने गहाळ' असे लिहिणे आता खोटे ठरले असते.

१० डिसेंबर २०२३

सांगितले. आजींनी भिंग मागून घेतले आणि गाठ पाहिली. मग त्यांनी पिशवीतून सोवळ्याची घडी काढावी तशी हळूच एक जुनी दुपट्याची चिंधी काढली, जी त्या सुया खोचून ठेवायला वापरतात, आणि तिच्या कडेची गाठ आमच्यापुढे धरली. बांधणीकाकांनी दोन्ही गाठी ताडून पाहिल्या आणि मान हलवली. आजी एवढेच म्हणाल्या, 'तिच्याकडे कातर नव्हती, विळीवर कापलं असणार.' नंतर त्यांनी चहा घेतला आणि स्वयंपाकाला उशीर होतो म्हणून निघाल्या.

नोंदीच्या बाबतीत मात्र आमचे बिनसले. पाने कोणी काढली या ठिकाणी 'आजी' असे लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. कोणी काढताना पाहिलेले नाही, तेव्हा वहीत तसे लिहिता येणार नाही, असे मी म्हटले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने टपाल कार्यालयाच्या खिडकीपलीकडून लोक पाहत असत. अखेर रकाना दोन ओळींत विभागला. वर 'निरीक्षण : दोरा कापलेला, टोके गाठवलेली', आणि खाली 'मालकाचे म्हणणे : माझ्या आजीने'. दोन्ही ओळी सारख्याच शाईने लिहिल्या आहेत.

१७ डिसेंबर २०२३

आज हिशेब आणि पत्रव्यवहार. आतापर्यंत नोंदी ४१, त्यांपैकी 'पु' नऊ. छायाचित्रांच्या बाबतीत धोरण ठरले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत लेखनाचे हक्क राखीव राहतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, त्यामुळे त्यांचे लेखन २०११ च्या आरंभापासून खुले आहे आणि त्यातील पाने आम्ही मोकळेपणाने छापून देऊ शकतो. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या पुस्तकांच्या बाबतीत फक्त मुखपृष्ठ आणि वाचकाने केलेल्या खुणा यांचीच छायाचित्रे घ्यायची. फास्टर फेणेच्या दोन तुकड्यांच्या फाटलेल्या कडा समोरासमोर ठेवून काढलेले छायाचित्र या धोरणात बसते की नाही, यावर कोणाला काही सुचले नाही. ते ठेवले.

नोंद ३४ साठी गहाळ भाग दुसऱ्या प्रतीवरून, तितक्याच आकाराच्या कागदावर छापून घेतला आणि लिफाफ्यात घातला. सदतिसाव्या रात्रीचे अर्धे वाक्य जिथे तुटते, तिथूनच तो सुरू होतो.

२४ डिसेंबर २०२३

साने गुरुजींच्या जन्मदिनी वाचकांनी एकमेकांना वाचून दाखवावे, असा छोटा कार्यक्रम ठेवला होता. साठ-सत्तर माणसे आली. पडवी अपुरी पडली आणि अंगणात चटया टाकाव्या लागल्या. भाषण कोणाचेही ठेवले नव्हते, तरी दोघांनी केलेच. चांदोबाच्या बाईंनी वेताळाची एक गोष्ट स्मरणातून सांगितली आणि प्रश्नाशी येऊन थांबल्या. उत्तर सांगा म्हणून मुलांनी फार गलका केला, पण त्या बधल्या नाहीत. दोन भावांनी आपापला अर्धा भाग वाचला, धाकट्याने आधी.

आजींनी अठरावी रात्र, 'अळणी भाजी', वाचली. रताळ्याच्या पाल्याची भाजी अळणी झालेली असताना वडील आणि मुले मिठाबद्दल काही न बोलता जेवतात आणि आईला ते स्वतः जेवायला बसल्यावर कळते, तो हा प्रसंग. त्यांनी चष्मा लावला होता, परंतु पान उलटायला दोनदा विसरल्या आणि वाचन तसेच चालू राहिले. दुरुस्त न केलेलीच प्रत त्यांच्या हातात होती, कारण तोवर बांधणी करायची की नाही हे ठरलेले नव्हते.

७ जानेवारी २०२४

नोंद ३४ चे काम पूर्ण झाले. बांधणीकाकांनी पुस्तक पुन्हा शिवले नाही. शिवायचे तर गाठ सोडावी लागली असती. त्याऐवजी त्यांनी पुस्तकाच्या मापाची पुठ्ठ्याची पेटी केली, आतून खादीचे कापड लावले आणि कसर लागू नये म्हणून वाळवलेल्या कडुनिंबाच्या पानांची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवली. सुटत आलेला पुठ्ठा फक्त गव्हाच्या खळीने जागच्या जागी बसवला. चिकटपट्टी कोठेही वापरलेली नाही. खर्च पुठ्ठा व कापड मिळून एकशे ऐंशी रुपये. मजुरी त्यांनी घेतली नाही.

आजी पेटी घेऊन गेल्या. लिफाफा त्यांनी उघडून पाहिला, पाने मोजली, बरोबर असल्याचे सांगितले आणि परत माझ्या हातात दिला. तो माझ्या खणात आहे. वहीत त्याला क्रमांक दिलेला नाही.

पुढील बैठक २१ जानेवारीला. गुहागरहून दोघे जण येणार आहेत. त्यांपैकी एकाकडे पुस्तक नाही, असे त्यांनी फोनवर आधीच कळवले आहे.